लवूची गाठ

मृणालीने सतरावा गठ्ठा माळ्यावरून खाली ओढला आणि घड्याळाकडे पाहिलं. मुंबईची बस एव्हाना दापोलीत लागली असेल. तासाभरात बाबा बुरोंडीच्या नाक्यावर उतरणार होते. त्याआधी सोळा गाठी सुटायला हव्या होत्या.

कापायची सोय नव्हती. होडीवाल्यांच्या घरात दोरी कापत नाहीत. सोडवतात, गुंडाळतात आणि खुंटीला लावतात. बाबा घरात आल्या आल्या आधी त्या खुंटीकडे बघणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि बाबांची गाठ म्हणजे जाळं विणणाऱ्याची गाठ. ओढाल तेवढी घट्ट बसते.

होडी निकामी झाल्यावर तिचा बाप लवू ठाण्याला गेला आणि एका नावाजलेल्या क्लासच्या इमारतीत वॉचमन झाला. तिथे मुलं मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करायची. आपली मुलगीही तीच परीक्षा देणार म्हटल्यावर लवूला कोण उत्साह चढला. अकरावीपासून महिन्या-दीड महिन्याने तो सरावाच्या पेपरांचा एक गठ्ठा गोणपाटात गुंडाळायचा, जाळ्याच्या दोरीने आवळायचा आणि बसच्या ड्रायव्हरच्या हवाली करायचा. मग फोन यायचा. "क्लासच्या सरांनी दिलेत गो बाय. मुद्दाम तुझ्यासाठी."

पहिला गठ्ठा तिने अधाशासारखा सोडला होता. दुसऱ्या दिवशी तो कॉलेजात जीवशास्त्राच्या सरांना दाखवला. त्यांनी चार पानं उलटली आणि मान हलवली. "अभ्यासक्रम बदललाय, मृणाली. यातले निम्मे धडे आता परीक्षेलाच नाहीत. क्लासवाले हे टाकून देतात. यात डोकं घालू नकोस."

पानांवर चहाचे डाग होते. एकावर बुटाचा ठसा होता. बाबा हे कुठून गोळा करतात ते तिला कळलं. सर देतात म्हणे! रोज संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यात हात घालणारा बाप तिच्या डोळ्यांपुढून हलेना. त्या दिवसापासून प्रत्येक गठ्ठा न सोडता माळ्यावर गेला आणि प्रत्येक वेळी फोनवर ती म्हणाली, "मिळाला, बाबा. खूप उपयोग होतो."

परवा निकाल लागला. गेल्या वर्षी ज्या मार्कांपर्यंत सरकारी कॉलेजात प्रवेश मिळाले होते, त्याहून तिला वीस कमी. वीस मार्क म्हणजे पाच प्रश्न. खासगी कॉलेजचं नावही या घरात कुणी काढत नव्हतं. बाबा फोनवर म्हणाले, "येतो मी. ते पेपर काढून ठेव. बघू, खय कमी पडलं."

नखं दुखायला लागली तरी ती सोडवत राहिली. दुसरा गठ्ठा जुनाच. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे जुने, पिवळे पडलेले. वाईट वाटत होतं, पण कुठेतरी बरंही वाटलं. न वाचून आपण काही गमावलं नाही.

सहाव्याला हात घातला आणि दारात चपला वाजल्या.

"एवढ्यात?"

"नाक्यावर रिक्षा मिळाली." लवूने पिशवी खाली ठेवली. नजर आधी खुंटीकडे गेली, मग ढिगाकडे. "हे काय? बांधलेलेच हायत?"

"सोडवून झाले की परत बांधून ठेवते, बाबा. नीट राहतात."

लवू तिच्याशेजारी बसला. सहावा गठ्ठा मांडीवर घेऊन त्याने गाठीवरून अंगठा फिरवला. दोन रात्री झोप नसलेला त्याचा चेहरा जरासा उजळला. "अगदी माझ्यासारखी घातलीस की गो गाठ. कधी शिकलीस?"

लवूने दोन बोटांत गाठ सोडली आणि दोरी मनगटाला गुंडाळू लागला. गोणपाट उघडलं. आतला कागद पांढराशुभ्र होता. वर यंदाच्या परीक्षेचं वर्ष छापलेलं होतं. कोपऱ्यात लाल शाईने कुणीतरी लिहिलं होतं, 'मृणाली, आधी हे सोडव. अडलं तर लगेच फोन कर.' खाली नंबर होता.

चष्म्याशिवाय लवूला ते दिसत नव्हतं. त्याचं लक्ष दोरीकडे होतं.

"तुला आज खरं सांगतो. पयले पाच मी टाकलेल्यातून उचललेले. तुला कशाला सांगायचं, म्हणून सरांचं नाव घ्यायचो. मग एकदा सरांनीच पकडलं. म्हटलं, गेली नोकरी. तर त्यांनी विचारलं, कोणासाठी नेतोस? त्यानंतर प्रत्येक गठ्ठा त्यांनी सोता हातात दिला. आता खोटं खरंच झालं, मग तुला नवीन काय सांगायचं?"

मृणालीने ढिगाकडे पाहिलं. अजून अकरा गाठी होत्या.

"लय भला माणूस," लवू म्हणाला. "दर खेपेला विचारायचा, लवू, पोरीचा एकपण फोन नाय, तिला काय अडत नाय काय? मी आपला छाती काढून सांगायचो, सर, माझ्या पोरीला काय अडत नाय."