क कोपऱ्याचा दगड

दोन कर्ण सारखे आले नाहीत.

दत्तात्रेय मास्तरांनी पुन्हा वर्ग केले, पुन्हा बेरीज केली. आधी त्यांना स्वतःचाच संशय आला. वय झालं, एखादं ऋण चिन्ह सुटलं असेल. पण नाही. विहीर हा आरंभबिंदू, रस्ता हा X-अक्ष, आणि वाटणीत आयत ठरलेल्या शेताच्या चार दगडांचे चार बिंदू, अ, ब, क, ड. ब-ड हा कर्ण नेमका पन्नास मीटर आला. अ-कच्या वर्गमुळाखाली मात्र भलतीच संख्या उरली. तिचं मूळ त्यांनी काढलं नाही. पेणच्या शाळेत जन्मभर हेच शिकवलं होतं: कर्ण असमान, म्हणून आयत नाही. उत्तर संपलं.

अ, ब, ड हे तीन दगड काटकोनात बसत होते, म्हणजे क कोपऱ्याचा दगड हलला होता. आणि तो धाकट्या भावाच्या, गुणाजीच्या हद्दीला लागून होता.

वाटणीच्या वेळी मास्तर हिवतापाने अंथरुणावर होते. गुणाजीने एकट्यानेच दगड रोवले. "झालं सगळं, दादा. तू पडून राहा," म्हणाला, तेव्हा त्याची नजर जमिनीकडे होती. त्यानंतर तो शेताकडे फिरकला नाही. गणपतीतही आरती संपते न संपते तोच रोह्याची गाडी गाठली. म्हणे, कंपनीत शिफ्ट आहे!

"दगडाला काय पाय फुटले?" मास्तर बायकोला म्हणाले.

"त्या कोपऱ्यात उगाच खणाखणी करू नका हो." गिरजाबाई एवढंच बोलल्या आणि कळशी घेऊन तिकडेच निघाल्या. तिथल्या जास्वंदीला त्या रोज पाणी घालत. हिलाही काहीतरी ठाऊक आहे, असं मास्तरांना वाटलं.

रोह्याला ते पोहोचले तेव्हा गुणाजी नुकताच कामावरून येऊन पाय धूत होता. मास्तरांनी आलेखाचा कागद त्याच्यापुढे टाकला.

"उद्या मोजणीचा अर्ज देतोय. मग तू तुझ्या घरी, मी माझ्या."

"आधी बस तरी. चा घे."

"चहा नको. दगड कुणी सरकवला ते सांग."

गुणाजीने हात पुसले, कागद उचलला. तोही मास्तरांच्याच वर्गात शिकलेला. अ-कच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"लांब कुठला आला, दादा?"

ते मास्तरांनी पाहिलंच नव्हतं. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी अ-कचं मूळ काढलं. बावन्नहून जास्त. दगड त्यांच्या शेतात घुसला नव्हता. तो बाहेर गेला होता, गुणाजीच्या वाट्यात.

"चुकलास तू," त्यांचा आवाज उतरला. "स्वतःच्याच जमिनीत रोवलास की रे."

"चुकलो नाय." गुणाजीची नजर पुन्हा जमिनीकडे गेली. "सरळ रेषेत ती जास्वंद माझ्याकडं येत व्हती. तुझी तान्ही पोर गेली, तवा तुझं पाऊल उचलत नव्हतं, मीच नेली व्हती. त्या जास्वंदीखालीच मातीत ठेवलीय तिला. लेकीला पाणी घालायला वहिनीनं दुसऱ्याच्या हद्दीत का यावं, दादा?"