राखीव गोलरक्षक

राजधानी मासेरूच्या मैदानावर पेनल्टीची शेवटची किक उरली होती. लिनेओने ती अडवली, तर देशाचा महिला फुटबॉल संघ पहिल्यांदाच या स्पर्धेच्या अंतिम फेरीत जाणार होता.

लिनेओ मूळची राखीव गोलरक्षक. मुख्य गोलरक्षक रेफिलोए महिन्यापूर्वी नदीच्या पुरात वाहून गेली, म्हणून तिला ही जागा मिळाली होती. या जागेसाठी तिने मनातल्या मनात रेफिलोएचं कितीदा तरी वाईट चिंतलं होतं.

आधीच्या दोन किकच्या वेळी मागे जाळीपाशी रेफिलोएचा आवाज आला होता, "डावीकडे!" दोन्ही वेळा लिनेओने तिकडे झेप घेतली आणि चेंडू अडवला. आता मानेवर गार श्वास जाणवला.

"जागची हलू नकोस."

लिनेओला शंका आली. रेफिलोए सूड तर उगवत नाही ना? तरी ती हलली नाही. चेंडू थेट तिच्या छातीवर आदळला.

मैदानात जल्लोष उसळला. किक मारणारी मुलगी मात्र रडत रेफरीकडे धावली.

"गोलमध्ये दोघी होत्या! हिला मागून बिलगून उभी होती, ती ओलीचिंब मुलगी कोण?"