पहिल्या खेपेचा ट्रॅक्टर

नामपूरच्या जयरामदादांच्या कांद्याच्या धंद्यासाठी निकिता इंदिरानगरात घरी बसून वेबसाइट बनवत होती. पानावर त्यांच्या घराचा फोटो होता आणि घरासमोरून कांद्यानं भरलेला चित्रातला ट्रॅक्टर डावीकडून उजवीकडे जाणार होता.

तिनं पान उघडून पाहिलं. ट्रॅक्टर दारासमोर थांबला, क्षणभर उभा राहिला आणि मगच पुढे गेला.

निकितानं ट्रॅक्टर हलवणारी स्क्रिप्ट पुन्हा वाचली. थांबायला कुठेच सांगितलं नव्हतं. मग तिनं घराचा फोटोच उजवीकडे सरकवला. ट्रॅक्टर आधीची जागा ओलांडून थेट नव्या जागी, दारासमोर थांबला.

तिनं फोन लावला. “दादा, ट्रॅक्टर तुमच्या दारात अडतोय. आज नीट करून देते.”

“अडू द्या ताई,” जयरामदादा हसले. “पहिली खेप मार्केटला निघाली की आई बॉनेटला कुंकू लावायची. तोवर वडील गाडी हलवायचे नाहीत.”

“मग साइट आधी आईंनाच दाखवा.”

“आई पोळ्याच्या आधीच गेली.”

ट्रॅक्टर आता कडेला जाऊन उभा होता. बॉनेटवर लाल ठिपका दिसत होता. स्क्रीनवरचा डाग समजून निकितानं तो बोटानं पुसला. ठिपका पसरला.

“दादा, बॉनेटवर लाल काहीतरी आलंय.”

जयरामदादा हळूच म्हणाले, “पुसू नका ताई. ओलं असंल अजून.”

निकितानं बोट उलटं करून पाहिलं. टोक लाल झालं होतं.