चाकाचा बिघाड

सासऱ्यांचं आत्मचरित्र चार वर्षं रखडलं होतं आणि सगळा दोष माऊसच्या चाकाचा होता. सुनेने दिलेल्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर, लिहायच्या एका जुन्या एडिटर प्रोग्राममध्ये, चाक कितीही फिरवलं तरी मजकूर जागचा हलत नसे.

"रोज पहिल्या ओळीपासून बाणाचं बटण दाबत खाली यायचं," ते म्हणत. "कालच्या ओळीशी पोचेपर्यंत जेवायची वेळ होते. मग लिहू कधी?"

तोवर खोलीचं दार बंद असे, आणि बाहेर सासूबाई टीव्हीचा आवाज बारीक करून बसत.

शेवटी एका रविवारी सुनेने एडिटरच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकली. "आता फिरवा बघू, बाबा."

सासऱ्यांनी चाक फिरवलं. मजकूर सरसर वर गेला. त्यांनी आणखी दोनदा बोट हलवलं, आणि पुस्तक संपलं.

मागे उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "एवढंच?"

सोमवारी सकाळी चाक पुन्हा बंद पडलं. सुनेने सेटिंग उघडून पाहिलं. तिने टाकलेली ती ओळ कोणीतरी नेमकी तेवढीच खोडली होती. सासरे खिडकीबाहेर बघत होते.

ती खोलीतून बाहेर आली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "झालं का गं नीट?"

"नाही हो, आई. चाकातच मोठा बिघाड आहे," सून म्हणाली आणि तिने दार ओढून घेतलं. "वेळ लागेल."

सासूबाईंनी बंद दाराकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं, आणि टीव्हीचा आवाज बारीक केला.