बिनआवाजाची फिल्म

बंद पडलेल्या गिरणीचं संग्रहालय झालं, तेव्हापासून माई दादाच्या मागे लागली होती. दादा तिचा थोरला भाऊ, तिथल्याच साचेखात्याचा, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या विभागाचा, जुना मुकादम. "त्या भंगारात काय बघायचंय?" म्हणत तो वर्षभर टाळत होता. शेवटी आज माईने त्याला ओढतच आणलं.

भिंतीवर साचेखात्यातल्या कामगारांची जुनी फिल्म चालू होती, बिनआवाजाची. "किती मजेत गप्पा मारतायत बघ ना!" एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली. साच्यांच्या धडधडाटात कानाला काही ऐकू यायचं नाही, त्यामुळे खात्यातले सगळेच एकमेकांचे ओठ वाचायला शिकलेले. काही वर्षं तिथे राबलेली माईसुद्धा.

पडद्यावर नवरा दिसला आणि माई पुढे सरकली. ही फिल्म काढली त्याच दुपारी साच्याच्या पट्ट्याने त्याला ओढून घेतलं होतं. "कॅमेऱ्याकडे बघत बसला गं, स्वतःच्या चुकीने गेला," दादानेच घरी येऊन सांगितलं होतं. तेव्हापासून माई त्या गेलेल्या माणसाला वेंधळा म्हणत आली होती.

पडद्यावर नवरा तरण्या मुकादमाला विचारत होता, "दादा, पट्टा फाटत आलाय. साचा बंद करू?"

"चालू ठेव गप. आधी फिल्म होऊ दे."

माईने वळून पाहिलं.

 

दादा केव्हाचा पडद्याकडे पाठ करून उभा होता.