गव्हर्नरचा बटलर

"फेटा नीट बांधा," चतुराबाई नवऱ्याला म्हणाली. "गवरनरसायबानं तुमाला लांबनंच वळखाया हवं!"

कोंडीरामनं फेटा आणखीच कपाळावर ओढला.

चऱ्होलीपासून पिंपरीच्या कारखान्यापर्यंत एकच गलका होता. विलायती यंत्रांचा सौदा करायला कोणी माजी गव्हर्नर येत होता, आणि कारखान्याच्या कॅंटीनचा मुख्य आचारी कोंडीराम म्हणजे गव्हर्नरचा जुना बटलर! आदल्या वर्षीच्या बांगलादेशच्या लढाईचीही गावात एवढी चर्चा झाली नव्हती.

बटलर म्हणूनच तर कंपनीनं त्याला घेतलं होतं. बटलर म्हणूनच हिंदुरावांनी आपल्या मुलासाठी त्याची लेक कस्तुरा पसंत केली होती. साखरपुडा उद्यावर आला होता, आणि आजचा सोहळा बघायला हिंदुराव मुद्दाम आले होते.

खरी गोष्ट एकट्या कोंडीरामला ठाऊक. महायुद्धात तो देहूरोडच्या छावणीत, शिक्षा झालेल्या गोऱ्या शिपायांच्या शेजारी बसून बटाटे सोलायचा. गव्हर्नर त्यानं चित्रातसुद्धा पाहिला नव्हता. पण गडी मुलखाचा बोलघेवडा. हात बटाट्यावर आणि जीभ आभाळात; शेजारच्या गोऱ्यांपैकी कुणाची खूण, कुणाची मिशी उचलून तो त्यांनाच मोडक्या हिंदीत बड्या साहेबाच्या थापा ऐकवायचा. गावात परतल्यावर त्याच थापांतून त्यानं गव्हर्नरचा अख्खा जन्म उभा केला. कलेक्टर असताना पुरात हत्तीवर बसून साहेबानं गाव कसं वाचवलं, वाघानं डावी करंगळी अर्धी नेली तरी बंदूक कशी सोडली नाही, सगळं. नाव मात्र तो कधी घेत नसे. "मोठ्या मानसाचं नाव घिऊ न्हाई," म्हणायचा. त्यामुळे येणारा गव्हर्नर तोच, असं गावानंच ठरवून टाकलं होतं.

मोटार आली. लेझीम थांबलं. साहेब उंच, पांढऱ्या मिशांचा, हातांत पांढरे मोजे. मॅनेजर माइकवरून त्याची कारकीर्द सांगू लागले, "आधी कलेक्टर, मग दूरच्या दोन बेटांचे गव्हर्नर! पुरात हत्तीवर बसून यांनी अख्खं गाव वाचवलं!"

"आवो, ह्ये तर आमाला पाठ हाय!" हिंदुराव मोठ्यानं म्हणाले आणि मांडवात हशा-टाळ्या उसळल्या.

कोंडीराम चक्रावला. हत्तीची थाप तर त्याची स्वतःची, घरची. खऱ्या साहेबालाही नेमका हत्तीच सापडावा? पण चोराच्या मनात चांदणं. आता हा माणूस आपल्याकडे बघणार आणि 'हा कोण?' म्हणणार, एवढंच त्याला दिसत होतं. नोकरी जाईल, कस्तुराचं लग्न मोडेल आणि चतुराबाई तोंड कुठे लपवेल?

पंगत बसली. साहेबानं जेवायला मोजे काढले. डावी करंगळी अर्धी होती!

"वाघ!" हिंदुराव ताटावरून उठलेच. "कोंडीराम, वाघानं न्हेल्याली हीच की वो!"

मॅनेजरांनी साहेबाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि कोंडीरामकडे बोट केलं. साहेब हसला. त्यानं हवेत पंजा मारून वाघ करून दाखवला. टाळ्यांनी वरचे पत्रे हादरले. चतुराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कोंडीराम, तुमच्या साहेबांना तुम्हीच वाढा," मॅनेजर म्हणाले.

बटाट्याच्या भाजीचं पातेलं घेऊन कोंडीराम पुढे झाला. त्यानं पळीभर भाजी साहेबाच्या ताटात घातली. साहेबानं मान वर केली आणि तो बघतच राहिला. मांडवात माना उंचावल्या.

मग साहेब ताडकन उठला आणि त्यानं कोंडीरामला पातेल्यासकट मिठी मारली. "माय बटलर!"

लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. शिट्ट्या वाजल्या, फेटे उडाले. "साखरपुडा कशाला, उद्या लगीनच लावू!" हिंदुराव ओरडले.

त्या गलक्यात साहेबानं तोंड कोंडीरामच्या कानाशी नेलं.

"कोंडीराम," तो छावणीतल्या हिंदीत पुटपुटला, "आज आलू अकेला छीला?"