क्लीनर साइड

उज्वलाच्या मोबाइलवरच्या ट्रकच्या गेममध्ये दिवाळीचा इव्हेंट चालू होता आणि महिन्याचं टार्गेट पुरं व्हायला एकच खेप उरली होती. आकाशकंदिलांनी भरलेला ट्रक कुठंही न ठोकता घाटाखाली उतरवायचा होता. नेमका त्याच दुपारी तिचा नवरा दीपक आपला खराखुरा ट्रक आडगाव नाक्याला लावून घरी आला आणि जेवून तिच्या शेजारी दिवाणावर टेकला.

"अगं, गिअर उतरव! उतारावर नुसत्या ब्रेकवर भागत नाय." बोलता बोलता त्याचा उजवा पाय चादरीवरच ब्रेक दाबत होता.

"अहो, आज तुम्ही क्लीनर. क्लीनरनं गप बसायचं."

त्याची खोड तिला ठाऊक होती. स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात असलं की या माणसाच्या डोळ्याला डोळा लागत नसे. मालेगावला तिच्या माहेरी जातानाही तो एसटीत ड्रायव्हरमागं उभा राहून रस्ता बघायचा.

दोन वळणं त्याची टकळी चालू राहिली. तिसऱ्या वळणाला तो गप्प झाला. रागावला वाटतं, असं मनाशी म्हणत तिनं मान न वळवता ट्रक खाली आणला आणि गोदामाला लावला. स्क्रीनवर फटाके फुटले. टार्गेट पुरं! ती हरखून वळली, तर दीपक भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला.

फटाक्यांनी त्याची झोप चाळवली. "पोचलो का गं?" त्यानं डोळे मिटूनच विचारलं.

उज्वलानं आवाज बारीक केला आणि लगेच दुसरी खेप उचलली.

"नाय हो, लय लांब हे अजून. झोपा तुम्ही."